कणीची उशी

आमच्या ह्यांचा उजवा हात कापतो. रिकामा असला की शहाण्यासारखा मांडीवर पडून असतो. पण चहाचा कप उचलायला, सही करायला, सदऱ्याचं बटण लावायला गेला की थरथरायला लागतो. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका काही नाही, गोळीनं थोडा आवरेल, पण वय वाढेल तसा वाढतही जाईल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता हे मला म्हणाले, "चहाचं काही नाही, बशीनं पिईन. कॅमेऱ्याचं काय करू?"

त्याच कॅमेऱ्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले होते. ह्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. बालाघाट जिल्ह्यातला कोणता तलाव कुठून झिरपतो, कोणत्या पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, घुशींनी बिळं पाडली आहेत, हे ह्यांना स्वतःच्या घरातल्या गळक्या नळापेक्षा जास्त ठाऊक. पण नोकरीभर ह्यांनी तलावात फक्त पाणी पाहिलं. निवृत्त झाल्यावर एका सकाळी फिरायला म्हणून तलावावर गेले आणि घरी येऊन चकित होऊन सांगायला लागले, "अवो, तिथं पाखरं आहेत!" जणू पाखरं कालच आणून सोडली होती. त्यानंतर फंडाचे पैसे आले तेव्हा ह्यांच्या सोबतच्या लोकांनी प्लॉट घेतले, मुलांना गाड्या घेऊन दिल्या. ह्यांनी हातभर लांबीचं भिंग घेतलं. मी त्या भिंगाला सवत म्हणत असे. सवतीला मऊ कपड्यात गुंडाळून ठेवायचं, ओल लागू द्यायची नाही, प्रवासात मांडीवर घ्यायचं. माझं एवढं कौतुक लग्नाच्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं.

तर ह्यांच्याकडे सगळ्या पाखरांचे फोटो आहेत. नाही तो एकच, सारसांच्या जोडीचा. म्हणजे उभ्या सारसांचे, चरणाऱ्या सारसांचे, उडणाऱ्या सारसांचे पुष्कळ आहेत. पण सारसाची जोडी माना आभाळाकडे करून एकदम ओरडते, त्या वेळचा नाही. नर पंख थोडे उचलून पाठीवर धरतो, मादी त्याला खेटून उभी राहते, आणि दोघं सूर लावतात. तो एकदा ओरडला की ती दोनदा. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, यात काय नवल, आपल्या घरी रोजच होतं. पण खरं सांगायचं तर एकदा पहाटे धुक्यात मी तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला होता. सारं शिवार त्या आवाजानं भरून जातं.

मागच्या हिवाळ्यात हे फार जवळ पोचले होते. जोडी ओरडली, ह्यांनी बटण दाबलं, आणि घरी येऊन संगणकावर पाहतात तर दोन्ही पाखरं पुसट. भिंग बिघडलं म्हणून ह्यांनी ते नागपूरला दुरुस्तीला दिलं. दुरुस्तीवाल्यानं चार दिवसांनी परत पाठवलं, भिंग उत्तम आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी हे माझ्यासमोर बसले, हात पुढे धरला आणि म्हणाले, "पाय बरं, हे हलून राह्यलं का?" हलत होता. हाताचा कंप आम्हाला तेव्हा कळला.

दिवाळीत ह्यांनी जाहीर केलं, "हा एक हिवाळा. फोटो भेटला तर भेटला. नाही तर संक्रांतीनंतर कॅमेरा भाच्याले देऊन टाकीन. वस्तू चालती असतानाच दिलेली बरी." भाचा नागपुरात असतो, त्यालाही हा नाद आहे. त्याला फोनवर सांगूनही टाकलं. ह्यांनी एकदा शब्द दिला की दिला. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. त्यामुळे मला पुरतं ठाऊक होतं की हा हिवाळा संपला की ह्यांच्या सकाळी संपल्या. फोटोशी मला काय करायचं होतं? मला ह्यांच्या सकाळी हव्या होत्या. तलावावरून परत येणारा माणूस आणि घरात पेपर वाचत बसलेला माणूस, यात किती फरक असतो, ते बायकोलाच कळतं.

म्हणून मी स्कूटी शिकले. हात कापतो म्हणून ह्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि मुलं दूर, रोज कोणाला म्हणायचं? शेजारच्या मैदानात दोनदा पडले, एकदा एका म्हशीला हळूच लागले, पण शिकले. आता मी पुढे आणि हे मागे सवतीला पोटाशी धरून बसलेले, अशी आमची वरात बालाघाटच्या रस्त्यांवर सगळ्यांनी पाहिलेली आहे.

आणि म्हणूनच ती उशी. कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं स्कूटीवर नेता येत नाही, आणि नुसत्या हातांनी कॅमेरा धरला की चित्र पुसट. कोणीतरी ह्यांना सांगितलं की कापडाची उशी शिवून तिच्यात दाणे भरायचे, ती दगडावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर ठेवायची आणि तिच्यात भिंग रुतवायचं. मग हात कापला तरी भिंग कापत नाही. हे मला म्हणाले, "एक उशी शिवून दे, आन भर काहीतरी दाणेदार." एवढंच म्हणाले. काय भरायचं ते सांगितलं नाही.

मी ह्यांच्या ऑफिसच्या जुन्या पँटीचा एक पाय कापला. मशीनचा पट्टा तुटलेला, म्हणून हातानंच धावदोरा घातला. भरायला काय, तर आमच्याकडे मोजून एकच गोष्ट मुबलक असते. माझं माहेर कटंगीकडचं, भाऊ अजून धान लावतो. मिलमधून तांदूळ आला की सोबत कणीचं, म्हणजे तुटक्या तांदळाचं, पोतं येतंच. कोंडा भरावा तर हलका पडतो, अख्खा तांदूळ भरायला माझा जीव होत नाही. कणी बरोबर बसली. उशी अशी झकास झाली की मीच दुपारी तिच्यावर डोकं टेकून पाहिलं.

त्या सकाळी आम्ही किरनापूरच्या रस्त्यानं निघालो. जानेवारीतली थंडी, ह्यांची माकडटोपी, माझी लाल शाल. वाटेत धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीची डाळ निळी फुललेली होती, खळ्यांमध्ये तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, ढीग घामेजल्यासारखे वाफाळत होते. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की कच्ची वाट आणि पुढे तो तलाव. वनखात्यानं आता तो पाखरांसाठी राखून ठेवला आहे. फाटक आहे, मचाण आहे, मचाणाच्या पायऱ्या ह्यांच्या मते चुकीच्या उंचीच्या आहेत, आणि फाटकाशी हिंदीत एक मोठा बोर्ड आहे: पक्ष्यांना दाणे टाकू नयेत. तो बोर्ड ह्यांनीच अर्ज करकरून लावून घेतलेला. मजकूरही ह्यांचाच.

त्याला कारण आहे. ह्यांच्या पाखरंवाल्या मंडळात एकानं टबात जिवंत मासे सोडून खंड्याचा फोटो काढला, आणि सगळ्यांनी वाहवा केली. ह्यांना ते समजलं तेव्हा ह्यांनी सगळ्यांदेखत त्याला सुनावलं की हा फोटो नव्हे, ही फसवणूक आहे. पाखरू आपल्या मर्जीनं यावं, आमिषानं नाही. तो माणूस तेव्हापासून रस्त्यात भेटला तरी मान फिरवतो. मला वाटलं होतं, एका माशासाठी एवढं काय? पण ह्यांनी आयुष्यभर ठेकेदारांची बिलं अशीच अडवली, तो माणूस मासा कसा सोडील?

पाळीवर चढलो आणि सगळा तलाव समोर आला. मी कितीही वेळा आले तरी त्या क्षणी माझं बोलणं बंद होतं, आणि तसं होणं किती दुर्मीळ आहे ते ह्यांना विचारा. धुकं पाण्यावरून नुकतं उठत होतं. मधोमध चक्रवाकांचा थवा होता, विटकरी अंगाचे, सोन्याचं पाणी दिल्यासारखे. पलीकडे पट्टकादंब चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ही हंसासारखी पाखरं हिमालय ओलांडून येतात म्हणे. जगभर एवढी जागा पडली असताना ही पाखरं बर्फाचे डोंगर ओलांडून आमच्या बालाघाटात येतात, याचा मला फार अभिमान वाटतो. आमच्याकडे नागपूरचे पाहुणे यायला कुरकुर करतात, रस्ता खराब आहे म्हणून.

काठाशी हळदी-कुंकू बदकं होती. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्या हाताला मी नमस्कार करते. चोचीवर खरंच कुंकवाचे दोन ठिपके आणि टोकाला हळद. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होता, लांबच लांब बोटं टाकत, पान बुडायच्या आत पुढच्या पानावर. टिबुकली पाण्यात बुडायची आणि आपण जिथे पाहत असू ते सोडून भलतीकडेच वर यायची. मी तिच्यावर पैज लावते आणि नेहमी हरते. शेकाटे आपल्या काड्यांसारख्या गुलाबी पायांवर चिखलात उभे होते. असं वाटत होतं की कोणीतरी रात्रभर जागून हे सगळं मांडलं आहे, आणि पाहायला फक्त आम्ही दोघं.

ह्यांनी पाळीवरच्या एका दगडावर उशी ठेवली, तिच्यात भिंग टेकवलं आणि कमळपक्ष्यावर रोखलं. मी बाजूला उकिडवी बसले. बोट बटणाकडे गेलं आणि हात थरथरला. चित्र पाहिलं, पुसलं. पुन्हा धरलं. उशीमुळे पुष्कळ फरक पडला होता हे खरं, पण बटण दाबायच्या नेमक्या वेळी तो हात शत्रूसारखा वागत होता. हे ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते, आणि मला तो कमळपक्षी दिसेनासा झाला, कारण माझे डोळे भरून आले होते.

"थोडी आणखी दाबून पाहतो," असं म्हणून ह्यांनी उशी दोन्ही हातांनी चेपली. माझा धावदोरा फर्रकन उसवला. कणी धो धो वाहायला लागली, दगडावरून गवतात, गवतातून पाळीच्या उतारावरून खाली चिखलापर्यंत.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"कणी."

"तू याच्यात तांदूळ भरला?"

"मग काय भरू, मोती? दाणेदार म्हटलं तुम्ही, मी दाणेदार भरलं."

ह्यांचा चेहरा असा झाला की जणू देवळात चप्पल घालून आलेली मी सापडले. "अवो, बोर्ड कोणाचा आहे फाटकावर? आन आपणच इथं दाणे सांडून राह्यलो! गोळा कर, आधी गोळा कर सगळं."

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून कणी गोळा करायला लागलो. पोतंभर तांदूळ निवडलेली बाई आहे मी, पण दवानं ओल्या गवतातून कणी वेचणं हे कोणाच्या बापाला जमायचं नाही. ह्यांच्या हाताचं तर विचारूच नका. चिमटीत आलेला दाणा थरथरून पुन्हा गवतात पडायचा. वरवरची मूठ मूठ पिशवीत भरली आणि मग माझा संयम संपला.

"राहू द्या नं," मी म्हटलं. "खातीन पाखरं. माहेरी आमचे बाबा धान निघालं की पहिल्या लोंब्यांची झालर गुंफून दारावर टांगत, चिमण्यांसाठी. त्याच्याशिवाय धान घरात येत नव्हतं. पाखराले दाणा देनं हे पुण्य आहे, तुम्ही पाप करून टाकलं त्याचं."

"बाबा झालर लावून समोर कॅमेरा घेऊन बसत होते का?" ह्यांनी विचारलं.

मी पिशवीचं तोंड बांधायला लागले.

तेवढ्यात वनखात्याचा चौकीदार पाळीवरून येताना दिसला. ह्यांना ओळखतो, दर आठवड्याला भेट होते. त्यानं खाली पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि हसू त्याला आवरेना. "क्या साहब, बोर्ड भी आपका और दाना भी आपका!"

ह्यांचे कान लाल झाले. उशीपासून सगळी हकिकत सांगितली, माझ्या शिवणासकट. चौकीदार म्हणाला, "अरे, गिर गया तो गिर गया, चलता है."

"चलता नहीं है," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राह्यलं ते राह्यलं. आता हे काही निघत नाही. पण आज या जागेवरून एकही फोटो घ्यायचा नाही." चौकीदार हसत पुढे गेला. मला वाटलं, चला, थोडक्यात भागलं. तलाव काय लहान आहे का?

आम्ही स्कूटी तिथेच झाडाखाली ठेवून पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे ह्यांनी गुडघ्यावर भिंग टेकवून पाहिलं, झाडाच्या बुंध्याला टेकून पाहिलं. काही जमेना. ऊन चढलं तशी मी डबा उघडला, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि मिरचीचा ठेचा. हे वडा हातात धरून तलावाकडे पाहत बसले. मी विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण ह्यांनीच काढला. "संक्रांत आलीच," म्हणाले. "भाचा येईल तवा त्याले भिंग पुसायचं कापडही देजो. तो कोणत्याही कपड्यानं पुसतो."

मी "हौ" म्हटलं आणि डबा उगाच जोरात बंद केला. मला राग आला होता. कोणावर ते सांगता येत नव्हतं, हातावरच म्हणायचा.

परत निघालो. स्कूटीच्या झाडाजवळ आलो आणि ह्यांनी माझं मनगट धरून मला जागीच थांबवलं.

पाळीच्या उतारावर, बरोबर आमच्या कणीवर, सारस होते. जोडी आणि सोबत यंदाचं पिल्लू, तांबूस डोक्याचं, आईबापाच्या खांद्याला लागलेलं. इतक्या जवळून मी सारस कधी पाहिले नव्हते. ह्यांच्या उंचीचं पाखरू, अंग धुतलेल्या राखेच्या रंगाचं, मान आणि डोकं लालभडक. नर चोचीनं गवत बाजूला करत होता आणि एकेक दाणा टिपत होता, सावकाश, घरच्यासारखा. मादी मधूनच मान वर करून आमच्या बाजूला पाही आणि पुन्हा खाली घाली. पिल्लू दोघांच्या मध्ये घुसून आयतं खात होतं. त्यांच्या पायांचे सांधे वाकताना दिसत होते, गळ्याची पिसं वाऱ्यानं उलटत होती. मला त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. जोडलेही.

आम्ही स्कूटीच्या आडोशाला बसलो. ह्यांनी भिंग स्कूटीच्या सीटवर टेकवलं. सीट मऊ, उंची बरोबर, ऊन आमच्या पाठीकडून. मी मनात म्हटलं, आजवर देव कुठे होता कोण जाणे, पण आज तो खास ह्यांच्यासाठी आला आहे.

आणि तेवढ्यात दूरच्या बांध्यांमधून दुसऱ्या कोणत्या तरी जोडीचा आवाज आला. आमच्या जोडीनं खाणं थांबवलं. नर ताठ झाला. मादी दोन पावलं टाकून त्याच्या अंगाशी आली. दोघांच्या माना सरळ आभाळाकडे गेल्या, नरानं पंख उचलले, आणि त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली.

तो आवाज एवढ्या जवळून कानांनी ऐकू येत नाही, छातीत वाजतो. तो एकदा, ती दोनदा. तो एकदा, ती दोनदा. पिल्लू बाजूला उभं राहून पाहत होतं.

"दाबा," मी ह्यांच्या कानात म्हटलं.

ह्यांचा डोळा कॅमेऱ्याला होता. डावा हात भिंगाखाली, उजवा कॅमेऱ्यावर. पण बोट बटणावर नव्हतं. बोट दुमडून घेतलेलं होतं.

"अवो, दाबा नं!" मी कोपर मारलं. हे हलले नाहीत. पाहत राहिले. मग मी पाखरांकडे पाहायचं सोडलं आणि त्या बोटाकडेच पाहायला लागले, रागानं, की बघू तर खरं किती वेळ आवरून धरतात. सारस ओरडत होते, तेवढा सगळा वेळ मी ह्यांचा हात पाहत होते.

ओरडणं थांबलं. मादीनं एकदा अंग झाडलं. मग तिघंही उतारावरून खाली गेले, चिखल ओलांडून, घाई न करता, आणि पाण्याच्या पलीकडे पोचल्यावर पंख पसरून उडाले. ह्यांनी कॅमेरा सीटवर ठेवला. चेहरा असा होता की कोणाला तरी स्टेशनवर सोडून आले आहेत.

मी मात्र पेटले होते. "दैव देते आन कर्म नेते म्हणतात ते हेच! काहून नाही दाबलं? एवढी वर्षं ज्याच्या मागं तुम्ही थंडीत कुडकुडले, मले कुडकुडवलं, ते समोर येऊन उभं राह्यलं, आन तुम्ही पाहत बसले?"

"कणीवर आले होते ते," हे म्हणाले.

"मग? शेतकऱ्याचं धान बांधीत सांडते, त्याच्यावर येतात तवा तुम्ही फोटो काढताच नं?"

"शेतकऱ्यानं फोटोसाठी सांडलं नाही."

"मी तरी कुठं फोटोसाठी सांडलं?"

"तू नाही सांडलं. पण मी दाबलं असतं तर ते फोटोसाठीच सांडलं असं झालं असतं." मग म्हणाले, "उद्या कोणी विचारलं, साहेब, इतक्या जवळून कसा भेटला, तर काय सांगू?"

"सांगा, बायकोची शिवण उसवली!"

हे हसले. हसताना ह्यांचे खांदे हलतात, आवाज येत नाही. मलाही हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही, कारण भांडण अजून संपलं नव्हतं. आणि तरी खरं सांगते, त्या माणसाकडे पाहून माझं मन भरून आलं होतं. तिथे कोणी नव्हतं. चौकीदार केव्हाच निघून गेला होता. मी तर कोणाला सांगणार नव्हते, शिवाय पाखरं साक्ष द्यायला येणार नव्हती. एक बोट खाली टेकवायचं होतं, बस. याच माणसानं मला आयुष्यभर तत्त्वांनी पिडलं, बदल्या झाल्या, बढती अडली, आणि मी भांडत राहिले. पण असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हे मला त्या पाळीवर उभं राहून मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

"कसे ओरडले, नाही?" हे म्हणाले. "तू पाह्यलं नं? मादीचा गळा कसा फुगत होता?"

"मी कुठं पाह्यलं? मी तुमचा हात पाहून राह्यली होती. आता दाबतीन, मग दाबतीन."

"हात?"

"हौ, हात." आणि तेव्हा, म्हणजे बोलून गेल्यावर, मी काय पाहिलं ते माझ्या ध्यानात आलं. "कापत नव्हता," मी म्हटलं.

हे माझ्याकडे पाहायला लागले. "कापत नव्हता?"

"नाही."

"पक्कं पाह्यलं तू?"

"पाखरं सोडून तेवढंच पाह्यलं."

ह्यांनी हात समोर धरला. उलटा केला, सुलटा केला. निकाल पाहायला आलेल्या पोरासारखे त्याच्याकडे पाहत राहिले. मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "बोट बटणावर नव्हतं. दाबायचंच नव्हतं, म्हणून नसन कापला."

स्वतःच्या सुखासाठीसुद्धा हिशेबात सूट घ्यायची नाही! मला रडू फुटायचंच बाकी होतं. "पण भिंगाचं ओझं तर होतं नं हातावर?" मी विचारलं. "घरी रिकामा कप उचलताना कापते तो. हे एवढं धूड धरून होते तुम्ही, ते ओरडत होते तोवर. मग?"

हे पाण्यापलीकडे, जिकडे सारस गेले होते तिकडे पाहत होते.

"ओझं होतं, हे खरं. म्हणजे नुसतं पाहाले तरी हात साथ देते," शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाच्याले सांग, यंदा कॅमेरा नाही देत म्हणून."

ह्यांचा विचार बदलायच्या आत मी तिथेच, पाळीवर उभ्या उभ्या, भाच्याला फोन लावला.